डिट्टो, ओके, मी टू

साशंक : सहमती दाखवणाऱ्या इंग्रजी शब्दांचं तुम्हाला एवढं कौतुक का, हे मला कळत नाही. डिट्टो, सेम, सेम हिअर, मी टू, ओके, ॲब्सोल्यूटली. आपल्या बोलण्यात हे शब्द इतके मुरलेत की चार जण बसले तर पहिला आपलं म्हणणं मांडतो आणि बाकीचे तिघं ‘सेम’ म्हणून मोकळे होतात. शब्द परके आहेत ही माझी तक्रार नाही. दुसऱ्याची री ओढणारे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. संकल्प कशाचा सोडला हे न कळता भटजींमागून ‘मम’ म्हणणारेही आहेत. पण मराठी त्यांना ओळखून आहे. ‘तो री ओढतो’ म्हटलं की त्यात नापसंती आलीच, आणि ‘होयबा’ म्हणवून घ्यायला कुणालाच आवडत नाही. इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांना आपण असा डाग लावलेला नाही. ‘डिट्टो’ म्हणणारा उलट चटपटीत वाटतो. त्याने विचार केला होता की नाही, हे कुणी विचारत नाही.

त्या शब्दाचा जन्मच पाहा. इटलीतल्या तस्कनीच्या बोलीतला हा शब्द, अर्थ ‘म्हटलेला’. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तो तारखांमधून. एकाच पत्रात डिसेंबरच्या दोन तारखा आल्या तर दुसऱ्यांदा महिन्याचं नाव लिहायचं नाही, ‘डिट्टो’ लिहायचं. पुढे तो व्यापाऱ्यांच्या वह्यांत आणि मालाच्या याद्यांत स्थिरावला. कापसाच्या एका गाठीखाली दुसरी गाठ मांडायची असेल तर तो ठीकच आहे. पण माणसाच्या मताखाली माणसाचं मत मांडताना तो कसा चालेल? १७७४ साली ब्रिस्टलमधून एडमंड बर्क आणि हेन्री क्रुगर असे दोघे ब्रिटिश संसदेवर निवडून आले. बर्क मोठा वक्ता, क्रुगर व्यापारी. बर्कचं भाषण झाल्यावर क्रुगर उठला आणि बर्क यांच्या म्हणण्याला आपलं डिट्टो, एवढंच बोलून बसला, अशी आख्यायिका आहे. लोक ती हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मतदारांनी दोन माणसं निवडली आणि त्यांच्या पदरात आवाज एकच पडला.

रसिक : आख्यायिका बाजूला ठेवा आणि त्या निवडणुकीत खरं काय झालं ते बघा. मतदारांच्या सूचना आपण पाळू, अशी क्रुगरची भूमिका होती. ३ नोव्हेंबर १७७४ च्या भाषणात बर्कने नेमकं हेच नाकारलं. प्रतिनिधीने आपली बुद्धी मतदारांकडे गहाण टाकायची नसते, असं त्याचं म्हणणं. लोकशाहीतल्या एका मूळ प्रश्नावर हे दोघं समोरासमोर उभे होते, आणि ज्याला जग डिट्टोवाला म्हणून ओळखतं त्याचं मत बर्कच्या नेमकं उलट होतं. एका शब्दावरून माणूस जोखला की असं होतं.

आणि वहीतून आलेला शब्द म्हणून तो हलका कसा? पेशवाईतल्या मोडी कागदांत ‘साल मजकूर’, ‘कसबे मजकूर’ पानोपानी दिसतं. मजकूर म्हणजे वर उल्लेख केलेलं, म्हणजे डिट्टोचाच सख्खा भाऊ. ते लिहिणारा कारकून श्रम वाचवत होता एवढंच नाही. गावाचं नाव पुन्हा लिहिलं तर हे तेच गाव की त्याच नावाचं दुसरं, अशी शंका कुणी काढू शकतो. ‘मजकूर’ लिहिलं की ती मिटते. वरचं ते हेच, दुसरं नाही, अशी ती कारकुनाची जबाबदार ग्वाही आहे. ‘सेम’ म्हणणारा काहीच म्हणत नाही, असं तुम्ही धरून चालता. तो साम्याचा दावा करतो, आणि दावा म्हटला की तो खोटाही पडू शकतो.

शिवाय तुम्ही हे सगळे शब्द एकाच माळेचे मणी समजताय. जहाजावर प्रश्नाचं उत्तर ‘येस, सर’ असं देतात, हुकमाला मात्र ‘आय आय, सर’ म्हणतात, म्हणजे हुकूम कळला आणि तो पाळतो. बिनतारी संदेशात ‘रॉजर’ म्हणजे निरोप पूर्ण पोचला, बस. त्यात मान्यता नाही. सांगितलं तसं करणार असाल तर ‘विल्को’ म्हणायचं. आणि सभेतला ‘सेकंड’ घ्या. अमेरिकी लष्करातले अभियंता हेन्री रॉबर्ट यांनी १८७६ साली सभेच्या नियमांचं पुस्तक काढलं. ते आजही तिथे प्रमाण मानतात. त्यानुसार ठरावाला ‘सेकंड’ करणारा ठरावाच्या बाजूचा असायलाच हवा असं नाही. हा विषय सभेपुढे यावा, एवढंच तो म्हणतो. मग विरोधात मत द्यायला तो मोकळा. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेत ‘सूचक’ आणि ‘अनुमोदक’ अशी नावं इतिवृत्तात लागतात, आणि अनुमोदकाने नंतर विरोधी हात वर केला तर लोक त्याला दगाबाज म्हणतील. होकाराच्या इतक्या पायऱ्या वेगळ्या ओळखणारी भाषा विचार मारते, असं मी कसं म्हणू?

साशंक : पायऱ्या शब्दकोशात असतील. वापरात एकाच शब्दाने त्या सगळ्या गिळल्या. २३ मार्च १८३९ च्या बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात ‘ओ.के.’ पहिल्यांदा छापून आलं. ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं घ्यायची, असा त्या वेळच्या पत्रकारांचा खेळ होता. आज तो शब्द ऐकलं, कळलं, चालेल, पटलं, करतो, पुरे, पुढे बोला, या सगळ्यांसाठी वापरतात. त्यातलं नेमकं काय, हे ऐकणाऱ्याने आपल्या सोयीने ठरवायचं.

ही सोय किती महाग पडते, ते २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दिसलं. ग्रान कनारियाच्या विमानतळावर बॉम्ब फुटला म्हणून बरीच विमानं लॉस रोडेओस या छोट्या विमानतळावर वळवलेली. धुकं उतरलेलं. केएलएमचं जम्बो धावपट्टीच्या टोकाशी उभं, आणि पॅन ॲमचं जम्बो त्याच धावपट्टीवरून समोरून येत होतं. नियंत्रकाने केएलएमला उड्डाणानंतरचा मार्ग सांगितला. उड्डाणाची परवानगी दिली नव्हती. सहवैमानिकाने मार्ग परत म्हणून दाखवला आणि शेवटी आपण आता ‘ॲट टेकऑफ’ आहोत, असं जोडलं. त्याचा अर्थ जागेवर तयार आहोत असाही होतो आणि निघालो असाही. नियंत्रक म्हणाला, ‘ओके.’ मग जेमतेम दोन सेकंद थांबून म्हणाला की थांबा, मी सांगेन तेव्हा निघा. नेमक्या त्याच क्षणी पॅन ॲमने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचं कळवलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले. केएलएमच्या कॉकपिटमध्ये स्वच्छ ऐकू आलं ते फक्त ‘ओके’, आणि पुढे कर्कश शीळ. विमान धावू लागल्यावर फ्लाइट इंजिनिअरने विचारलं, ते पॅन ॲम अजून बाजूला झालं नाही का? कॅप्टनने ठामपणे होकार दिला. ५८३ माणसं गेली. केएलएममधलं कुणीही वाचलं नाही.

एकच कारण होतं असं मी म्हणत नाही. धुकं होतं, घाई होती, कॅप्टनच्या हुद्द्याचा दबाव होता. पण त्या शेवटच्या मिनिटात होकाराचे दोन शब्द उच्चारले गेले आणि दोन्ही पोकळ होते.

रसिक : टेनेरिफनंतर विमानवाहतुकीने काय केलं, तेही सांगा ना. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं, असं ठरलं. आणि महत्त्वाची सूचना मिळाली की नुसतं ‘ओके’ किंवा ‘रॉजर’ चालत नाही. ती सूचना शब्दशः परत म्हणून दाखवायची, धावपट्टीचा क्रमांक, उंची, कंप्रतेसकट. नियंत्रक ते कान देऊन ऐकतो आणि चुकलं तर जागच्या जागी दुरुस्त करतो. यालाच रीडबॅक म्हणतात. म्हणजे तुम्ही ज्याला री ओढणं म्हणता, तेच तिथे जीव वाचवतं. सगळा दोष पुनरुक्तीच्या माथी मारू नका. ‘ओके’ने घात केला तो पुनरुक्ती टाळल्यामुळे. ऐकलेलं आपल्या तोंडून पुन्हा म्हणताना माणूस सापडतो. त्याला काय कळलं आणि काय नाही, ते बाहेर येतं.

मला तर कीर्तनातला टाळकरी आठवतो. बुवा पद सांगतात, मागचे ते घोळवतात. नवीन शब्द एकही नाही, पण एखाद्याचा सूर हलला तर साऱ्या सभामंडपाला कळतं.

साशंक : टाळकऱ्याचा सूर हललेला कळतो, कारण मूळ सूर सगळ्यांच्या कानात असतो. टेनेरिफला तो नव्हता. आणि तुम्ही एक गोष्ट नजरेआड करताय. तिथे रीडबॅक झालं होतं. सहवैमानिकाने मार्ग नीट परत म्हणून दाखवला होता. घातक वाक्य त्या रीडबॅकच्याच शेपटाला जोडलेलं होतं. बरोबर पुनरुक्तीच्या पाठीवर बसून चुकीची गोष्ट आत आली आणि ऐकणाऱ्याने सगळ्यालाच मिळून ‘ओके’ म्हटलं. शब्द परत म्हटले म्हणजे अर्थ पोचला, असं होत नाही. शाळेत पाढे म्हणणाऱ्या मुलांना गुणाकार कळतोच का?

बरं, स्वतःच्या शब्दांत कारणं देऊन सहमती दाखवली तर ती भरीव, असं आपण मानतो. न्यायालयात बघा. खंडपीठात एक न्यायमूर्ती निकाल लिहितात आणि दुसरे खाली ‘आय ॲग्री’ लिहून सही करतात, ही जुनी पद्धत. त्यापेक्षा स्वतंत्र निकालपत्र लिहिणं केव्हाही वजनदार. पण आणीबाणीतलं जबलपूरचं प्रकरण आठवा. २८ एप्रिल १९७६. स्थानबद्ध माणसाला आपल्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न होता. पाचांपैकी चौघांनी नाही म्हटलं, आणि चौघांनीही आपापली वेगळी, लांबलचक, विद्वत्तापूर्ण निकालपत्रं लिहिली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात गेले. चौघांनी चार वाटांनी जाऊन त्याच दाराशी येणं आणि चौघांनी एका कागदावर ‘आय ॲग्री’ लिहिणं, यात त्या स्थानबद्ध माणसाला काय फरक पडला?

रसिक : त्या दिवशी त्याला काहीच फरक पडला नाही, हे मान्य. पण नंतरच्यांना पडला. कारणं लिहून ठेवली होती म्हणून ती तपासता आली. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. एकमत असूनही निकालपत्रं सहा लिहिली गेली. त्यातल्या चौघांच्या वतीने लिहिताना धनंजय चंद्रचूड यांनी १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवून मोडीत काढला, आणि १९७६ च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. नुसत्या ‘आय ॲग्री’शी वाद घालता येत नाही. जिथे कारण लिहिलेलं आहे, तिथे पुढची पिढी बोट ठेवून सांगू शकते की इथे चुकलं.

तरी लांबी हा निकष नाही, हे तुमचं खरं. म्हणून मी दुसरी कसोटी लावतो. सहमतीचा शब्द ज्या ओळीकडे बोट दाखवतो, ती वरची ओळ पुसून टाका आणि बघा खालची उभी राहते का. १८८१ साली अमेरिकेत सिनेटर रॉस्को कॉन्क्लिंग याने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्याशी नेमणुकांवरून भांडून राजीनामा दिला. त्याचा न्यूयॉर्कमधला जोडीदार टॉमस प्लॅट यानेही लगोलग दिला. लोकांनी प्लॅटला ‘मी टू प्लॅट’ असं नाव ठेवलं आणि ते जन्मभर चिकटलं. कॉन्क्लिंगची ओळ पुसली तर प्लॅटच्या राजीनाम्यात काही उरत नाही, असं लोकांना दिसत होतं.

त्याच दोन शब्दांचं पुढे काय झालं? २००६ साली तराना बर्क यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलींशी बोलताना ते हाती घेतले. १५ ऑक्टोबर २०१७ ला अभिनेत्री अलिसा मिलानो हिने आवाहन केलं आणि जगभरातल्या बायकांनी ते लिहिले. यातल्या कुठल्याही बाईच्या वरची ओळ पुसा. तिची ओळ जशीच्या तशी उभी राहते, कारण तिच्यामागे तिचं स्वतःचं घडलेलं आहे. आणि किंमतही तिची तिने मोजली. आपल्याकडे २०१८ मध्ये ही लाट आली तेव्हा पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर बदनामीचा फौजदारी खटला झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. त्या बायकांना तुम्ही री ओढणाऱ्या म्हणाल का?

साशंक : कधीच म्हणणार नाही. पण तुमच्याच उदाहरणात माझी शंका जास्त खोल जाते. तराना बर्क यांचं काम मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय मुलींसाठी होतं. २०१७ मध्ये तेच शब्द चित्रपटसृष्टीतून जगभर गेले आणि त्या मुली मागे पडल्या, ही खंत स्वतः बर्क यांनीही बोलून दाखवली आहे. असं का झालं? ‘मी टू’ म्हणताना टू, म्हणजे ‘सुद्धा’, याचा भार साम्यावर पडतो. एका बाईला अश्लील बोलणं ऐकावं लागलं, दुसरीवर बलात्कार झाला, तिसरीची नोकरी गेली. तिघींची ओळ तीच. ज्यांना या चळवळीविरुद्ध कांगावा करायचा होता त्यांनी नेमकी हीच फट धरली आणि सगळ्यांनाच खोटं ठरवू पाहिलं. साम्याच्या शब्दात बळ येतं ते संख्येचं, आणि संख्या मोजायची तर वेगळेपण झाकावं लागतं.

आणि तुमची पुसण्याची कसोटी मतदानाला लावा. ब्रिटनच्या संसदेत ‘आय’ म्हणणारा सभापतींच्या उजव्या हाताच्या लॉबीतून जातो, ‘नो’ म्हणणारा डाव्या. वरचा ठराव पुसला तर त्या ‘आय’ला अर्थच उरत नाही. तुमच्या कसोटीवर तो शब्द नापास. पण कायदा त्याच्यावरच होतो.

रसिक : हे खरंच अडवणारं आहे. ‘आय’ स्वतःच्या पायावर उभा नाही आणि तरी तो पोकळ म्हणता येत नाही. मग मला कसोटी बदलावी लागते. ‘नो’ म्हणायची वाट उघडी होती का, हे विचारावं लागतं. उजवी लॉबी आहे म्हणून डावीही आहे. सदस्याला पक्षाचा व्हिप असतो, तरीही तो उठून पायांनी एका दारातून जातो, त्याचं नाव नोंदलं जातं आणि उद्या मतदारसंघात त्याला त्याबद्दल विचारतात. ‘मी टू’ लिहिणाऱ्या बाईलाही गप्प राहायची वाट होती, आणि तीच सोपी होती. टेनेरिफच्या फ्लाइट इंजिनिअरने एकदा शंका काढली, कॅप्टन ठामपणे बोलल्यावर तो गप्प झाला. नाही म्हणायची वाट त्याच्यासाठी कागदावर होती, कॉकपिटमध्ये नव्हती. पुढे विमान कंपन्यांनी कनिष्ठांना बोलतं करण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, त्यामागे हा अपघातही एक कारण होता. वेगळेपण झाकलं जातं, हा तुमचा आक्षेप मात्र यानेही सुटत नाही. ते मी मानतो.

साशंक : मग मोबाइलवरच्या ‘आय ॲग्री’चं काय? आज आपण सर्वांत जास्त वेळा दिलेला होकार तोच असेल. नाही म्हणायची वाट आहे, पण ती ॲपच्या बाहेर नेते, आणि बँकेचं, शाळेचं, दवाखान्याचं काम त्या ॲपमध्येच अडकलेलं असतं. २०२३ च्या आपल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त हवी, माहितीपूर्ण हवी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी असं म्हटलं. कृती काय, तर चौकटीवर बोट टेकवणं. त्यातला ‘आय’, म्हणजे मी, हासुद्धा कंपनीनेच छापलेला. आणि हे तुम्ही पाहिलं असेल. बँकेचा किंवा विम्याचा अर्ज इंग्रजीत असतो. खातेदाराने मराठीत सही केली की त्याच्याकडून आणखी एक निवेदन घेतात, अर्जातला मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आणि तो मला कळला. इंग्रजीत सही करणाऱ्याकडून ते घेत नाहीत. सही इंग्रजी झाली की समज आलीच, असं धरतात.

रसिक : तो कागदही छापीलच असतो आणि बरेचदा न वाचता पुढे सरकवला जातो. पण त्यामागची मागणी मला रास्त वाटते आणि मी ती इंग्रजीत सही करणाऱ्यालाही लावीन. विमानातलं रीडबॅक इथे आणा. कर्ज घेणाऱ्याने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहाव्यात. व्याज किती, ते बदलू शकतं का, हप्ता चुकला तर काय, मुदतीआधी फेडलं तर काय.

साशंक : काउंटरपलीकडचा माणूस सांगेल तशा तो त्या लिहून देईल.

रसिक : बहुतेक जण तसंच करतील. एखादा लिहिता लिहिता थांबेल आणि विचारेल, ‘बदलता व्याजदर म्हणजे माझा हप्ता वाढणार की वर्षं वाढणार?’ छापील चौकटीवर बोट टेकवताना हा प्रश्न कुणाच्या तोंडी येत नाही.

साशंक : आणि जे थांबणार नाहीत त्यांचं काय? आज ते निदान म्हणू शकतात की छापील कागदावर सही घेतली, मला कळलं नव्हतं. उद्या तेच शब्द त्यांच्या स्वतःच्या अक्षरात असतील, आणि वसुलीच्या दाव्यात बँकेचा वकील तो कागद न्यायाधीशांपुढे ठेवेल. तेव्हा तुमची ही चार ओळींची सोय कुणाच्या बाजूने साक्ष देईल?